त्या दिवशी मी बंद पडलो नाही

गिऱ्हाईक वर गेलं आणि त्याला लवकर खाली उतरता आलं नाही, तर फायदा कोणाचा? आमच्या मालकांनी हा हिशेब चहा पिता पिता मांडला होता. उतरायची वाट शोधत माणूस सगळ्या दुकानांसमोरून फिरेल, फिरता फिरता एखादी चप्पल, एखादं भांडं घेईल. दुकानदार खूश, भाडं वाढवायला मालक मोकळे. ज्याला एकदा असं फिरवलं तो पुन्हा येतो का, एवढंच त्यांनी मांडलं नव्हतं.

मित्रांनो, त्या हिशेबात वापरलेला मी एक जुना सरकता जिना आहे. भर बाजारातल्या मॉलमध्ये मला आणि माझ्या जुळ्या भावाला शेजारी शेजारी बसवलं. मी माणसांना वर न्यायचो, तो खाली आणायचा. सुरुवातीला लोकांना खरेदीचं नुसतं निमित्त असायचं, यायचे ते आमच्यावर उभं राहायला. म्हाताऱ्या बायका नातवंडांचा हात धरून, भाजी निवडावी तशी पहिली पायरी निवडत राहायच्या. "मेली थांबतच नाही!" म्हणायच्या आणि वर पोचल्या की पुन्हा खाली येऊन रांगेत उभ्या राहायच्या. आमचे कठडे रोज पुसले जायचे. वाटायचं, जन्म कारणी लागला.

मग गावाबाहेर नवा मॉल झाला. तिथे गाड्या लावायला मैदानभर जागा. इकडची गर्दी ओसरू लागली, तेव्हा मालकांनी तो चहाचा हिशेब मांडला आणि माझ्या भावाची दिशा फिरवून टाकली. आता आम्ही दोघंही वरच न्यायचो. उतरायला मागचा जिना, तोही पार दुसऱ्या टोकाला. गुडघेदुखीवाली माणसं एकदा आली, दुसऱ्यांदा आली नाहीत. एकेक शटर कायमचं खाली आलं.

तक्रार केली की मालक म्हणायचे, "उद्या बघू." म्हणून दुकानदारांत त्यांचं नावच उद्यासाहेब पडलं. लिफ्ट बंद पडली, उद्या. छत गळू लागलं, उद्या. माझ्या पायऱ्या खिळखिळ्या झाल्या तेव्हा मात्र त्यांनी तत्परता दाखवली. धडधाकट भावाच्या पायऱ्या उपसून माझ्यात बसवल्या आणि त्याच्या सांगाड्यापुढे प्लायवूडची फळी ठोकली. त्या दिवसापासून मी भावाच्या पायऱ्यांवर चालतो आहे. राग आला की मी मधेच अडून बसायचो. पण अडकायची ती साधी माणसं. उद्यासाहेब माझ्यावर कधी चढतच नसत.

शेवटी वरच्या मजल्यावर एकच दुकान उरलं. कपडे आखूड, लांब, सैल, घट्ट करून देणाऱ्या मावशीचं. तिचं शिलाई मशीन हेच तिचं घर चालवणारं माणूस. एवढ्यात एक शाळा या इमारतीसाठी चौकशी करू लागली. उद्यासाहेबांना रिकामी इमारत दाखवायची होती.

"मावशी, सामान आवरा आता."

"कुठे जाऊ? मशीन डोक्यावर घेऊन फिरू?"

"तुमचा प्रश्न आहे तो."

"मग उत्तर पण माझंच. नाही जात."

उद्यासाहेबांनी भांडण केलं नाही. मागच्या जिन्याला कुलूप घालून "दुरुस्ती चालू आहे" अशी पाटी लावली. मला थांबवायचं वरचं लाल बटण "पोरं दाबतात" म्हणून पत्रा मारून बंद केलं. आता मावशीकडे आलेल्या माणसाला उतरायचं असलं की तो कठड्यावरून ओरडायचा, "वॉचमनकाका, जिना थांबवा हो!" काका खाली मलाच लावून ठेवलेली चावी फिरवून मला थांबवायचे, मग तो पायऱ्या उतरून जायचा. स्वतःच्या विजारीसाठी एवढी बोंबाबोंब कोण करणार? गिऱ्हाइकं तुटू लागली. मावशीचं मशीन तासन्‌तास गप्प बसायला लागलं.

आणि शाळेच्या मोठ्या बाई पाहणीला आल्या. हातात काठी, बरोबर दोन शिक्षक. मावशीला शटर ओढून गप्प बसायची ताकीद आधीच मिळाली होती. उद्यासाहेबांनी काकांना कोपऱ्यावरून चहा आणायला पिटाळलं आणि स्वतः माझ्यावर पाय ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"बघा, अजून लोण्यासारखा चालतो," ते म्हणाले.

माझी साखळी रोज या वेळेला अडकायची. त्या दिवशी मी ती अडकू दिली नाही. सगळ्यांना मी लोण्यासारखा वर घेऊन गेलो.

खोल्या बघून झाल्या. उद्यासाहेब मागच्या जिन्याकडे वळले, कुलूप बघून परतले. किल्ली काकांच्या जुडग्यात. त्यांनी हाका मारल्या, खाली कोणी नाही. पत्रा उचकटायला गेले, नखं दुखावली.

"अहो, आम्ही उतरायचं कुठून?" बाईंनी विचारलं.

"एक मिनिट. मीच खाली जाऊन थांबवतो."

आणि ते माझ्यावरून उलटे उतरू लागले. चार पावलं ते खाली जात, तेवढंच मी त्यांना वर आणत होतो. ते पळू लागले. मीही कंटाळलो नाही. बूट आपटत, घाम गाळत उद्यासाहेब होते तिथेच होते.

मावशीचं शटर करकरत वर गेलं. तिने बाईंना स्टूल दिलं, कठड्याशी आली आणि म्हणाली, "साहेब, जरा जोरात. संध्याकाळपर्यंत पोचाल."

एका शिक्षकाने तोंडावर रुमाल धरला. बाई हसल्या नाहीत.

"तुम्ही रोज कशा उतरता?"

"ओरडून, बाई."

"आणि इथे आग लागली, तर माझी मुलं काय ओरडतच बसणार?"

उद्यासाहेब अजून पळतच होते. दम लागला होता. काका चहा घेऊन आले तेव्हा कुठे मी थांबलो.

मित्रांनो, यंत्राला वेळेवर तेल घाला, आणि ज्याला वर नेता त्याच्या उतरण्याची सोय आधी करा. मी हे साळसूदपणे सांगत नाही. झालं त्याचा मला आनंदच आहे.

आता कोणी काय किंमत मोजली ते ऐका. बाईंनी इमारत घेतली, पण दोन नवे रुंद जिने उद्यासाहेबांच्या खिशातून बांधून घेतले. मावशीचं दुकान करारात लिहून जागच्या जागी राहिलं. शाळेचे गणवेश तीच शिवणार आहे, पण तुटलेली जुनी गिऱ्हाइकं तिला कोणी परत आणून देणार नाही. मुलांच्या इमारतीत मी नको, असं ठरलं. उद्या मला कापायला माणसं येत आहेत. येऊ देत.

आणि वॉचमनकाका. उद्यासाहेबांनी त्याच दुपारी त्यांना कामावरून काढलं. शाळेकडे स्वतःचा शिपाई आहे. मला तेल घालणारा तेवढा एकच माणूस होता. सूड मी मालकावर घेतला. नोकरी गेली ती चहा आणायला गेलेल्या माणसाची.