पिकअपखाली

पिकअप पुन्हा रुसली होती. किल्ली फिरवली की नुसतं ‘टक’ व्हायचं, पुढे काही नाही. जावयाने बॅटरी बदलून पाहिली, फ्यूज तपासले, ओळखीच्या मेकॅनिकला तो ‘टक’ फोनवरून ऐकवलाही. “सेल्फ, म्हणजे स्टार्टर, गेला असणार, काढून बघ,” तो म्हणाला. म्हणून त्या दुपारी गॅरेजमध्ये गाडीचं तोंड जॅकवर उचलून जावई खाली शिरला.

लोकांचं घरसामान हलवायचा त्याचा धंदा. गाडी बंद म्हणजे तो घरात, आणि घरात सासूबाई. गुडघे कामातून गेल्यापासून त्या लेकीकडे राहायला आल्या होत्या. लेक नर्स, दिवसभर ड्युटीवर. मागे हे दोघंच. सासूबाई वॉकर टेकत खोल्याखोल्यांतून फिरायच्या; पंखा कुणी चालू ठेवला, नळ का गळतोय, दार का उघडं. भांडण असं कधी झालं नव्हतं, पण बोलणंही जेवायला चला, गोळी घेतलीत का, एवढ्यापुरतंच. आपल्याच घरात त्याला पाहुण्यासारखं अवघडून जायचं. गॅरेजचं दार ओढून घेतलं की मग कुठे बरं वाटायचं.

जॅक जुना होता, तेल गळायचं. हे ठाऊक होतं म्हणून त्याने स्टेपनी काढून चेसीच्या सांगाड्याखाली आडवी टाकली होती. सेल्फचा बोल्ट गंजून बसला होता. त्याने पान्यावर सगळा जोर टाकला, गाडी हलली, जॅक कलंडला आणि पिकअप धप्पकन स्टेपनीवर बसली. स्टेपनीमुळे जीव वाचला. पण वरच्या आडव्या लोखंडाखाली छाती अशी दाबली गेली की श्वास अर्ध्यातच अडायचा. एक हात अंगाखाली, दुसरा कोपरापुढे तेवढा मोकळा. फोन शर्टाच्या खिशात आणि खिसा नेमका त्या लोखंडाखाली.

सासूबाईंना हाक मारायची त्याला आधी लाजच वाटली. तो सरकायला गेला तर आणखी आवळला. मग हाक मारली, पण घशातून जेमतेम कुजबुज निघाली. शेवटी त्याने पाना सायलेन्सरवर आपटायला सुरुवात केली. कुणी आलं नाही. येणार कसं? या घरात ठोकाठोकी रोजचीच होती. शेजारीपाजारीही कामावर गेलेले. हात भरून आला, तो थांबला, पुन्हा ठोकू लागला. डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले होते.

बऱ्याच वेळाने स्वयंपाकघराकडचं दार उघडलं.

“जावईबापू, दुपारचं जरा पडू द्याल का?”

“आई,” तो म्हणाला, “अडकलोय.”

वॉकर जागीच थांबला. मग त्या खाली वाकता येईल तेवढं वाकल्या.

“अगं बाई. फार लागलंय?”

“श्वास... येत नाही. फोन लावा कुणाला तरी.”

“माझा फोन तुमची बायको दुरुस्तीला घेऊन गेलीय.” त्या वॉकर ढकलत आणखी जवळ आल्या. “काय करू ते सांगा. थोडक्यात सांगा, दम वाया घालवू नका.”

सीटमागे दुसरा जॅक होता, दांडा फिरवून उचलायचा. त्या तो शोधायला गेल्या. सामान खाली पडल्याचे आवाज येत राहिले. जावई पडल्यापडल्या वर बघत होता. दुसरीकडे बघायची सोयच नव्हती. नाकापासून वितीवर इंजिनाची अर्थची तार होती. हिरवी पडलेली, आणि तिचा बोल्ट एवढा ढिला की वायसर लोंबत होतं. सेल्फला वीजच पुरत नव्हती, आणि तो बॅटरी बदलून बसला होता. त्याला हसू आलं आणि बरगडीत कळ उठली.

“हा घ्या सापडला. लावायचा कुठे?”

“चाकामागे... चेसीखाली. पण खाली बसावं लागेल, आई.”

खाली बसल्या की त्यांना आपलंआपण उठता यायचं नाही. हे दोघांनाही माहीत होतं. त्यांनी वॉकर बाजूला सारला, मडगार्ड धरलं आणि कण्हत जमिनीवर बसल्या.

दांडा फिरू लागला. अर्धा आटा, विश्रांती, पुन्हा अर्धा. “उलटा फिरतोय,” तो म्हणाला. “मग आधी का नाही सांगितलंत?” त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या बाजूने सुरू झाल्या. हळूहळू छातीवरचं लोखंड सुटलं. त्याने पहिला पूर्ण श्वास घेतला तो हुंदक्यासारखा निघाला. मग टाचा रोवून तो कसाबसा बाहेर सरकला.

आता त्याला हात उचलवेना आणि त्यांना उठवेना. त्याने एकदा त्यांना आधार द्यायचा प्रयत्न केला, कळवळून परत बसला. फोन त्याने खिशातून काढला. काचेचा चुरा झाला होता.

“राहू द्या,” त्या म्हणाल्या. “ती येईल संध्याकाळी.”

दोघं चाकाला टेकून बसले. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “माझ्यामुळे तुम्ही इथे येऊन बसता. कळतं मला.”

“तसं काही नाही, आई.”

“तसंच आहे. राग नाही त्याचा. तुम्हाला निदान गॅरेज तरी आहे. मी कुठे जाऊ? नळ बघते, पंखे बघते.”

 त्याने बाजूला काढून ठेवलेला आपला स्वेटर सरकवून त्यांच्या पाठीमागे दिला.

बायको आली तेव्हा तिने आधी वॉकर पाहिला, मग ही दोघं, आणि पर्स टाकून धावली.

दोन बरगड्यांना तडा गेला होता. डॉक्टरांनी वजन उचलायला आणि गाडी चालवायला सक्त मनाई केली. मेकॅनिकने येऊन अर्थची तार बदलली, आणि पिकअप पहिल्याच झटक्याला सुरू झाली. त्या चालू गाडीकडे बघत घरी बसायचं, एवढंच जावयाच्या हाती उरलं. त्या आठवड्यात त्याने बायकोला गॅरेजमध्ये एक उंच खुर्ची आणून ठेवायला सांगितली. सासूबाई रोज दुपारी तिथे येऊन बसू लागल्या. हे कशाला, ते कुठे लागतं, तो डबा उघडा का, असं विचारत राहायच्या. तो कधी उत्तर द्यायचा, कधी नुसताच हुंकार. गॅरेजचं दार मात्र त्याने परत ओढून घेतलं नाही.