गाइड बघण्याचा कार्यक्रम

प्रकाशचंदांनी गुडघ्यांवर हात टेकून पिंजऱ्यात डोकावून पाहिलं. आतला पांढरा उंदीर भराभर दाणे खात होता. मधेच थांबला आणि पाठ फिरवून बसला.

“पोट भरलं,” डॉ. रतिलाल म्हणाले. “मेंदूतल्या कुठल्या पेशी त्याला ‘पुरे’ म्हणून सांगतात, तेच आम्ही शोधतो.”

“आमच्या थोरल्या जावयाला त्या नसाव्यात,” प्रकाशचंद म्हणाले.

जिनलनं फरशीकडे पाहिलं. पीएचडीचा गाइड निवडायला कुणी बापाला घेऊन जात नाही, हे तिनं घरी सांगून पाहिलं होतं. पण जळगावात कापडाचं दुकान चालवणाऱ्या प्रकाशचंदांच्या मते स्थळ आणि गाइड न बघता पसंत करायचे नसतात. सकाळी ही जळगावची लॅब, दुपारी धुळ्याची. पसंती आजच कळवायची होती. दोन्हीकडे विषय एकच, भुकेचा, आणि जिनलला दुसरं काही करायचंच नव्हतं. तिला धास्ती होती ती फक्त एका प्रश्नाची.

“आणि सर,” तो आलाच, “शेवटी या उंदरांचं काय होतं?”

डॉ. रतिलालांनी प्रकाशचंदांच्या कपाळावरच्या, जैन मंदिरातल्या केशराच्या टिळ्याकडे पाहिलं. “सोडून देतो. मेहरूणच्या तलावाकडे. मोकळे फिरतात.”

प्रकाशचंद गहिवरले. जिनलनं सरांचे सगळे शोधनिबंध वाचले होते; प्रत्येकात उंदरांच्या मेंदूचे पातळ काप होते. पण खोटं आपल्या पथ्यावर पडत असलं, की माणसाला ते खोडून काढण्याची घाई नसते.

धुळ्याच्या लॅबमध्ये उंदरांची देखभाल करणारे उखर्डूभाऊ पिंजऱ्यांत दाणे टाकत होते. “खा रे, बठ्ठं तुमनंच शे,” सगळं तुमचंच आहे, असं ते उंदरांना अहिराणीत समजावत होते. तिथल्या गाइड डॉ. कुंदा देवरेंनी चहा मागवला आणि प्रकाशचंदांनी तोच प्रश्न विचारला.

“मारावे लागतात,” मॅडम म्हणाल्या. “मेंदू बघितल्याशिवाय उत्तर मिळत नाही. आधी भूल देतो, पण मारतो. तुमच्या मुलीलाही ते स्वतःच्या हातानं करावं लागेल. जमणार नसेल तर आजच सांग गं, मला वाईट वाटणार नाही.”

प्रकाशचंदांनी कप खाली ठेवला.

“जमेल,” जिनल म्हणाली. वडिलांकडे पाहण्याची तिची हिंमत झाली नाही. आता सगळं संपलं, असं तिला वाटलं.

परतीच्या वाटेवर पारोळा आलं. तिथं प्रकाशचंदांनी गाडी कडेला घेतली.

“धुळं,” ते म्हणाले.

“पप्पा?”

“जो व्यापारी ताग्यातलं भोक आपणहून दाखवतो, त्याच्याकडून डोळे मिटून माल घ्यावा. तो जळगावचा नुसता गोड बोलतो. पांढरा उंदीर तलावाकाठी सोडला तर मांजरं ठेवतील का त्याला?” त्यांनी इंजिन बंद केलं. “पाप लागायचं ते लागेल. मला ते आवडलेलं नाही, हेही ऐकून ठेव. पण तुला शिकवणारा माणूस खोटा नको.”

तेवढ्यात फोन वाजला. घरून आई होती, मंजूबाई. प्रकाशचंदांनी घसा साफ केला.

“हो, ठरलं. धुळ्याच्या मॅडम. फार सरळ बाई आहेत, खोटं म्हणून बोलत नाहीत. काय? उंदीर?” त्यांनी जिनलकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. “अगं, मजेत आहेत. वय झालं की जातात, आपल्यासारखेच.”