शिकामू कोणी म्हणायचं

पांगानी गावात नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत म्वानाइदी आणि सादा यांची दारं समोरासमोर होती, पण बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. भांडण जमिनीचं नव्हतं, सोन्यानाण्याचं नव्हतं, वयाचं होतं. धाकट्याने थोरल्याला ‘शिकामू’ म्हणायचं आणि थोरल्याने ‘मराहाबा’ म्हणून ते घ्यायचं, ही तर तिथली बाराखडी. एका लग्नात, भरल्या बायकांत, सादा म्हणाली होती, “काय गं म्वानाइदी, शिकामू नाही म्हणत? थोरली आहे मी तुझ्यापेक्षा!” बायका खो खो हसल्या. म्वानाइदीच्या डोक्यात तिडीक गेली. थोरली तीच, असं तिची आई सांगायची. सादाची आई नेमकं उलटं सांगायची. आणि दोघी आया केव्हाच मातीआड झालेल्या. तेव्हापासून दोघी आपापल्या ओट्यावर बसून समोरून शिकामू येण्याची वाट बघत होत्या.

आणि त्याआधी काय मैत्री होती! खांग्याचं कापड जोडीने विकत मिळतं; ती जोडी मधोमध कापून दोघी एकेक नेसायच्या आणि बाजारभर मिरवायच्या. भरतीच्या पाण्यात उड्या मारून यायच्या आणि ओल्या अंगानेच भाजलेला कसावा कंद खात बसायच्या.

म्वानाइदीने उभा जन्म शाळेत गणित शिकवलं. आता दार-एस-सलामच्या भाचीने तिला बिस्किटाएवढे दोन बोर्ड पाठवले होते. एका अंगाला बारीक लाल दिवे, दोन बटणं. लॅपटॉपवर सूचना लिहायच्या, त्या बोर्डात उतरवायच्या, की बोर्ड सांगितल्यासारखा वागतो. तारेवाचून दुसऱ्या बोर्डाशी बोलतोसुद्धा. सुट्टीत तिच्या ओट्यावर मुलींचा वर्ग भरू लागला. त्यात सादाची नात सितीही यायची. सादाने तिला कधी अडवलं नाही.

उद्या शाळा उघडणार होती, आणि तिथे सगळ्यांसमोर करामत दाखवायची होती. एका बोर्डाने दिव्यांच्या अक्षरांत शिकामू म्हणायचं, दुसऱ्याने मराहाबा. सितीने आपला बोर्ड मांडला, वर्गातल्याच झुवेनाने आपला. दोन्ही मुके.

“हिचा बिघडलाय, बीबी,” झुवेना म्हणाली. गल्लीतल्या सगळ्याच मुली म्वानाइदीला बीबी म्हणत, आजी म्हणावं तसं.

“तुझाच बिघडलाय! तोंड बघ बिघडलाय म्हणणारीचं,” सिती उसळली.

“गप गं दोघी. झुवेना, काय लिहिलंस ते वाच.”

“‘शिकामू ऐकू आलं, तर मराहाबा म्हण.’”

“आणि सिती, तू?”

सितीने मान खाली घातली. “तेच.”

“अगं, मग शिकामू कोण म्हणणार?”

“हिचा म्हणेल. माझा थोरला आहे,” झुवेना म्हणाली.

“का म्हणून? खोक्यातून आधी माझा निघाला!”

म्वानाइदीला हसू आवरेना. “म्हणजे दोघेही मारे थोरले होऊन बसलेत! बसा म्हणावं आता कयामतीपर्यंत एकमेकांची तोंडं बघत.”

“तुम्ही आणि माझी बीबी बसता तसंच ना?” सिती म्हणाली.

झुवेनाने तिला कोपराने ढोसलं. म्वानाइदीचं हसू ओठांवरच थिजलं. तेवढ्यात लॅपटॉपचा पडदा काळा झाला. घरातली तार उंदरांनी खाल्ली होती, वायरमन टांगा शहरातून यायचा होता, आणि आता बॅटरीही संपली.

“आमच्याकडे वीज आहे,” सिती म्हणाली आणि विचारायला पळाली. परतली ती पाय ओढत. “माझी बीबी म्हणते, लॅपटॉप खुशाल लावा. पण ज्याचा आहे त्याने दारात येऊन मागावा.”

“हं! म्हणेलच ती.”

झुवेना नुसती बोर्डावरचं बटण दाबत राहिली. म्वानाइदीने मुलींकडे पाहिलं, समोरच्या दाराकडे पाहिलं, आणि लॅपटॉप काखेत मारून गल्ली ओलांडली.

“होडी!” आत येऊ का, अशी तिने दारातून हाक दिली.

“करीबू,” आतून आवाज आला. ये म्हटलं होतं, पण मोजून एका शब्दात.

सादा खवणीवर नारळ खवत बसली होती. केवढी वाळली होती ती! मनगटावर बांगड्या सैल झाल्या होत्या. ओट्यावरून रोज दिसायची, पण असं काही जाणवलं नव्हतं. मुली मागे उभ्या होत्या.

“शिकामू, सादा,” म्वानाइदी म्हणाली.

खवणी थांबली. सादाने खांग्याच्या टोकाने नाक पुसलं.

“मराहाबा. जरा पुन्हा म्हण बघू, नीट ऐकू नाही आलं.”

“एकदाच मिळतं. बहिरी झालीस तर तुझं नशीब.”

“बरं. धाकटी आहेस ना? मग बस इथे आणि खव हा नारळ. माझी पाठ धरलीय सकाळपासून.”

म्वानाइदी मुकाट्याने खवणीवर बसली. मुलींनी लॅपटॉपची पिन भिंतीत खोचली.

“बीबी, माझाच धाकटा करते,” झुवेना म्हणाली. “बटण दाबलं की आधी शिकामू म्हणेल.”

तिने सूचना बदलली, बोर्डात उतरवली आणि बटण दाबलं. लाल अक्षरं एकामागून एक सरकत गेली, आणि सितीच्या बोर्डावर लगेच मराहाबा उमटलं. मुलींनी घर डोक्यावर घेतलं.

“खरंच तू थोरली का गं?” म्वानाइदीने हळूच विचारलं.

“मला काय ठाऊक?” सादा म्हणाली. “जन्मले तेव्हा फार लहान होते मी.”

दोघी इतक्या हसल्या की मुली वळून बघायला लागल्या.

“हसू नकोस, हात चालव,” सादा डोळे पुसत म्हणाली. “अजून दुसरी वाटी बाकी आहे.”