सव्वा इंची टायर

आमच्या क्लबात नोव्हेंबरचा पहिला रविवार उजाडला की सायकलला मडगार्ड लागलीच पाहिजेत. ज्याला नाहीत त्याने सगळ्यांच्या शेवटी राहायचं, कारण त्याच्या चाकाचा चिखल सरळ मागच्याच्या तोंडात जातो. हा नियम विल्फ अ‍ॅक्रॉइड पाळायचा, म्हणजे दुसऱ्यांना पाळायला लावायचा. गिरणीत फिटर होता तो, आणि क्लबाचा कॅप्टन. मडगार्ड नुसतं लावून त्याचं समाधान व्हायचं नाही. टायर आणि मडगार्डच्या मधल्या फटीत करंगळी घालून तो चाक सबंध फिरवून बघायचा. करंगळी कुठे अडली की, "काढ. परत लाव." मग बाहेर गारा पडत असोत नाहीतर समोरचा माणूस सत्तरीचा असो.

मी म्हणायचे, "विल्फ, मेल्या, झिजेल ती करंगळी एक दिवस."

तो म्हणायचा, "बेरिल, आपल्या रस्त्यांवर पाचोळा आहे, काटक्या आहेत. टायरबरोबर एखादी वर गेली आणि फटीत अडकली, तर चाक जागच्या जागी थांबतं. वरचा माणूस नाही थांबत."

बेरिल म्हणजे मी. हॅलिफॅक्सच्या वरच्या अंगाला, चॅपलच्या उतारावर माझ्या वडिलांनी सायकलचं दुकान काढलं, पुढे ते मी चालवलं. विल्फ आणि त्याची बायको नोरीन, दोघंही आता नाहीत, म्हणून बोलते आहे. ती असती तर मी बोलले नसते. आणि मी न बोलणं म्हणजे काय, ते आमच्या गावात कुणालाही विचारा.

त्यांना एकच मुलगा, कॉलिन. तेवीस वर्षांचा, उंच, जरा वाकून चालणारा, आईसारखाच लाजरा. नोकरीसाठी खाली ब्रिगहाउसला खोली घेऊन राहायचा. दर रविवारी दुपारी मात्र टेकडी चढून आईच्या हातचं जेवायला यायचा, तेही सायकलवरच. त्याच्या सायकलला मडगार्ड अर्थातच बापाने लावलेली, ऑक्टोबरातच.

जानेवारीतल्या एका रविवारी नोरीनने मटण भाजायला ठेवलं, पुडिंगचं पीठ घोटून ठेवलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. कॉलिन आला नाही. आला तो पोलीस. वाटेत जंगलातून एक उतार लागतो, तिथे पुढच्या चाकात फांदी अडकली होती, मडगार्ड चुरगळून टायरखाली गेलं होतं, आणि पोरगा हँडलवरून उडून दगडी कुंपणावर डोक्यावर पडला होता. रस्त्यावर कुणीच नव्हतं. एका दूधवाल्याला तो सापडला तेव्हा सगळं संपलेलं होतं.

चौकशीत "फांदी अडकून अपघात" असं म्हणून मोकळे झाले. पण फांदी अडकते कशी, हे आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. क्लबात कुजबुज सुरू झाली. "मडगार्ड विल्फनेच लावलेलं ना? सगळ्या जगाची फट मोजत हिंडायचा, आणि स्वतःच्या पोराची..." पुढचं कुणी बोलायचं नाही. ही कुजबुज फिरत फिरत चॅपलमध्ये नोरीनच्या कानावर गेली. त्या दिवसापासून तिने नवऱ्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायची, समोर ठेवायची आणि आपलं ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची.

पोलिसांनी सायकल परत दिली तेव्हा विल्फ ती घरी न नेता माझ्याकडे घेऊन आला, ब्लँकेटात गुंडाळून. एवढा धिप्पाड माणूस, पण कोट अंगावर टांगल्यासारखा दिसत होता.

"मी बघितलेली नाही," तो म्हणाला. "मला बघवणार नाही. तू बघ आणि सांग. माझं मन राखायला खोटं बोलू नकोस, बेरिल. माझ्या हातांनी मेला का तो, एवढंच मला कळू दे."

तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मी ब्लँकेट काढलं. कॉलिनला मी लहानपणी तीनचाकीवर बसवलेलं होतं.

पुढचं मडगार्ड मुडपून गेलेलं. पण माझी नजर गेली ती टायरवर. कॉलिन कायम एक इंची बारीक टायर वापरायचा. हे सव्वा इंची होते, नवे कोरे, रबराचे केस अजून बाजूला तसेच उभे. त्याने मडगार्डच्या सळया सैल करून बाजूची जागा वाढवली होती. पण वर, पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या डोक्याखाली, मडगार्ड आणखी वर सरकायला वावच नसतो. तिथे नख जाईल एवढीसुद्धा फट उरली नव्हती. मी दुकानातलं एक इंची टायरचं चाक काढून त्याच चिमट्यात बसवलं, मडगार्ड ठोकून सरळ केलं, विल्फने आवळलेला वरचा बोल्ट होता तिथेच ठेवला आणि आत करंगळी घातली. पूर्ण फेरा फिरली, कुठेही न अडता.

मी ओरडलेच. "विल्फ! अरे, तुझी काही चूक नाही! तू लावलेलं बरोबर होतं. ये, स्वतः बघ. पोराने नंतर जाड टायर घातलेत!"

मला वाटलं, याच्या छातीवरचा धोंडा उतरेल. तो वळला, काढून ठेवलेल्या चाकाजवळ आला, टायरवरून बोट फिरवलं, आणि तिथेच स्टुलावर बसला. धोंडा राहिला बाजूला, त्याचा चेहरा आणखीच पांढरा पडला.

"हे नोरीनने दिलेत," तो म्हणाला. "वाढदिवसाला. आठवडाभर आधी."

मग एकेक कळत गेलं. कॉलिनचे हात खडबडीत रस्त्यावर दुखतात, टायर सारखे पंक्चर होतात, हे त्याने आईला सांगितलं होतं. ती बसने शहरात गेली, मोठ्या दुकानातून टायर घेतले आणि त्याच्या खोलीवर नेऊन दिले. माझ्याकडून घेतले नाहीत, कारण तिला कॉलिनला चकित करायचं होतं आणि बेरिलच्या तोंडात तीळ भिजत नाही. बरोबरच होतं तिचं.

"मला विचारलं होतं तिने," विल्फ म्हणाला. "पेपर वाचत होतो मी. म्हणाली, टायर जाड बरे का बारीक? मी म्हटलं, जाड. हादरे कमी बसतात. कशाला विचारतेयस, हेसुद्धा मी विचारलं नाही."

किटलीचं पाणी उकळून आटत आलं तरी कुणी उठलं नाही.

"तिला सांगायचं नाही," तो अखेर म्हणाला.

"मग काय सांगायचं?"

"लोक म्हणतात तेच. माझं मडगार्ड घट्ट होतं."

माझं डोकंच फिरलं. "अक्कल गहाण टाकलीस का? आधीच ती तुझ्याशी बोलत नाही. हे ऐकल्यावर जन्मात बोलणार नाही!"

"नको बोलू दे."

"आणि क्लब? गाव? बाप पोराला खाऊन बसला म्हणतील, विल्फ!"

"म्हणू देत. मी सोसेन, बेरिल. ती नाही सोसणार. तिने हे टायर मांडीवर ठेवून बसने नेलेत गं." एवढं बोलला आणि रडायला लागला. असं रडणं मी त्याआधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला शिव्या देत राहिले, दुसरं काय करणार?

मग त्याने बाह्या सरसावल्या. ते दोन्ही टायर त्याने माझ्या मोरीत साबण आणि नखं घासायच्या ब्रशने धुतले. नक्षीत अडकलेली वाळू दाभणाने एकेक कण करून काढली. पोरगा आठवडाभरच फिरला होता त्यांच्यावर. धुऊन पुसल्यावर ते दुकानातून आत्ताच आणल्यासारखे दिसायला लागले. कॉलिनची खोली अजून रिकामी करायची होती. तिथे कपाटात, टायर ज्या कागदात आले होते त्याच कागदात गुंडाळून तो ते ठेवणार होता. सायकलीला मी जुने एक इंची टायर चढवले आणि ती दुकानातच ठेवून घेतली.

चार दिवसांनी नोरीन आली. मला माहीत होतं ती येणार.

"विल्फ काय म्हणतो ते मला सांगू नकोस," ती म्हणाली. "तुझ्या पोटात काही राहत नाही, म्हणून तुझ्याकडे आले. फट कमी होती?"

"होती," मी म्हटलं.

"त्यानेच ठेवलेली?"

"हो."

तिने मान हलवली. रडली नाही, काही नाही. मग सायकलपाशी गेली, वाकली, आणि मी विचारच केला नव्हता असं काहीतरी तिने विचारलं.

"माझे टायर घातले होते का गं त्याने?"

तिच्या तोंडाकडे मला बघवेना. "हो" ऐकायचं होतं तिला. सगळ्या जगातून तेवढंच हवं होतं. घातले होते गं, खूश होऊन घातले होते, मिळाले त्याच दिवशी घातले असतील, असं अगदी जिभेवर आलं माझ्या.

"नाही," मी म्हटलं. "जुनेच होते."

"आठवडा झाला होता देऊन."

"वेळ नसेल मिळाला गं."

"नसतील आवडले," नोरीन म्हणाली. "मला काय कळतंय त्यातलं." आणि ती पर्स सावरत निघून गेली. मी मागच्या खोलीत जाऊन विल्फच्या नावाने मोठमोठ्याने शिव्या घातल्या.

पुढे जे व्हायचं ते झालंच. विल्फने कप्तानी सोडली. सोडली नसती तर त्यांनीच काढून घेतली असती, कारण ज्याच्या हातून स्वतःचा पोरगा गेला त्याच्याकडून सायकल कोण तपासून घेणार? रविवारी तो सगळ्यांच्या मागे, थोडं अंतर ठेवून यायचा. चहाला थांबलो की वेगळ्या टेबलावर बसायचा. घरात नोरीन ताट ठेवायची आणि आत जायची. मी दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन परत आले. जाऊन सांगायचं तरी काय? एकाला सोडवायचं म्हणजे दुसरीला बुडवायचं.

ऑक्टोबर संपत आला. मडगार्ड लावून घ्यायला दुकानात गर्दी होती. एका संध्याकाळी नोरीन आली, काखेत कागदाची गुंडाळी घेऊन. गर्दी ओसरेपर्यंत कोपऱ्यात उभी राहिली.

"हे पडून आहेत," ती म्हणाली. "त्याने नाही घातले. नवे आहेत, वाया कशाला घालवायचे? आमच्या विल्फच्या सायकलला घाल. म्हातारा झालाय, त्याचेही हात दुखतात." दाराशी जाऊन ती थांबली. "आणि मडगार्ड तूच लाव. फट सोड नीट. त्याला जमत नाही ते."

ती गेली आणि मी त्या गुंडाळीकडे बघत बसले. विल्फची सायकल माझ्याकडेच होती, ब्रेकसाठी आलेली. जुनी, मोठ्या चिमट्याची, तिच्यात जागा भरपूर.

दुकान बंद व्हायच्या सुमाराला तो सायकल न्यायला आला. मी कागद उलगडून त्याच्यापुढे ठेवला आणि नोरीन काय म्हणाली ते शब्द न शब्द सांगितलं.

"बस्स झालं," मी म्हटलं. "आता पुरे, विल्फ. मी हे जाळून टाकते आणि आत्ताच्या आत्ता जाऊन तिला सगळं सांगते. ज्या टायरवर पोरगा गेला त्याच्यावर तू बसायचं? ह्याला काही सुमार?"

"घाल," तो म्हणाला.

"वेडा आहेस का?"

"घाल, बेरिल." त्याने टायर उचलून माझ्या हातात दिले. "जानेवारीपासून तिने पहिल्यांदा मला काहीतरी दिलंय."