नगारा ग्रामसभेला गेला

मित्रांनो, मी एक जुना नगारा आहे. गोरेगावच्या पलीकडे ओढ्याकाठी आमचा तांडा आहे ना, तिथला. तांब्याचं पोट, वर ताणलेलं कातडं आणि आवाज असा, की भर दुपारी झोपलेलं कुत्रंही दचकून उठावं! होळी असो, लग्न असो, तांड्याच्या प्रमुखाच्या, म्हणजे नायकाच्या, अंगणातली बैठक असो, माझ्यावर टिपरी पडल्याशिवाय तांड्यात काही सुरूच होत नसे.

पुढे डीजे आला आणि माझी कदर संपली. नायक धर्मसिंग यांच्या कोठीत मी धूळ खात पडलो. माझ्या अंगावर चक्क कांद्याचं पोतं ठेवलं हो! फार वाईट वाटायचं.

कोठीचं दार अंगणात उघडत असल्यामुळे बाहेरचं सगळं कानावर येई. तांड्याचं मोठं दुखणं म्हणजे ओढा. तो भरला की पोरांची शाळा बंद. मागच्या श्रावणात तर तांड्यातल्या जगनचं लेकरू वाहून जाता जाता वाचलं. दप्तर गेलं, जीव राहिला. ओढ्यावर लहानसा पूल हवा होता. पण कोणतं काम आधी करायचं, ते ठरणार ओढ्यापलीकडच्या गावातल्या ग्रामसभेत.

आमची रीत अशी, की नायक सभेला गेला म्हणजे सगळा तांडा गेला. म्हणून दरसाल धर्मसिंग फेटा बांधून एकटेच सभेला जात आणि पोटतिडकीनं बोलत. हात वर करायची वेळ आली, की गावकऱ्यांचे ढीगभर हात गावाच्या कमानीसाठी वर होत आणि पुलासाठी एकट्या नायकांचा. बिचारे तोंड पाडून परत येत. तांडा म्हणे, गाव आपलं ऐकतच नाही.

जगनची धाकटी बहीण निता हिंगोलीला कॉलेजात शिकते. यंदाच तिचं नाव मतदार यादीत आलं. सभेच्या दिवशी सकाळीच ती अंगणात हजर.

"नायकबाबा, नगारा द्या. समद्यांना घेऊन सभेला जाऊ."

"काहून? माझ्या शब्दावर भरवसा न्हाई का तुमचा?" धर्मसिंग तडकले.

"भरवसा हाय, बाबा. पण तिथं हात मोजून राहिले. ज्याला मत हाय, त्याला हात वर करता येते. आपले समदे हात घरीच बसून राहिले."

नायकांना लागलं असणार. का नाही लागणार? उभा जन्म ते तांड्यासाठी बोलत आले होते. इकडे कोठीत मी मनात म्हणालो, हे नाही म्हणाले, तर पूल गेलाच की!

अखेर ते उठले. पोतं स्वतःच्या हातानं बाजूला सारलं, मला बाहेर काढलं आणि टिपऱ्या निताला दिल्या.

"वाजव, बाई. जोरात वाजव. बायांनाबी काढ घराबाहेर."

अहाहा! मग काय वाजलो मी! कातडं सैल पडलं होतं, तरी कसर सोडली नाही. कापूस वेचायला निघालेल्या बाया वाटेतून मागे फिरल्या. सगळा तांडा ओढा ओलांडून गावात शिरला, तेव्हा सरपंच शिलाताई उठूनच उभ्या राहिल्या.

"अगं बाई, एवढी माणसं! सतरंज्या आणा रे अजून!"

धर्मसिंगांची पुढची खुर्ची ठरलेली. ते तिच्यावर बसले नाहीत, तांड्यातल्या माणसांत येऊन सतरंजीवर टेकले. निता उभी राहिली. भाच्याचं दप्तर कसं गेलं ते तिनं सांगितलं, आणि गावातल्या आयाही पदर तोंडाला लावून ऐकू लागल्या.

पुलासाठी हात वर झाले. तांड्याचे झाले, गावातलेही पुष्कळ झाले. मोजणी संपली. पूल आधी, कमान नंतर! माझं कातडं आनंदानं थरथरलं, खोटं नाही सांगत.

सगळे हात खाली आले, तांड्यातल्या म्हाताऱ्या रुख्मिणीबाईंचा तेवढा वरच.

ग्रामसेवक म्हणाले, "आजी, झालं मोजून. हात खाली घ्या."

"ऱ्हाऊ दे की, बाबा. जल्मात पहिल्यांदा वर केला हाय."

तर मित्रांनो, माझी एवढीच विनवणी. तुम्ही मोठे व्हाल, तुमचंही नाव यादीत येईल. तेव्हा गावची सभा असली, की कुणाच्या तरी भरवशावर घरी बसू नका. आणि जाताना आजीलाही सोबत न्या.