रॉडवरचे दोन ठिपके

जुहूच्या धावपट्टीवरचा शर्यतींचा हंगाम संपला की अंधेरीला, जयवंतच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडीचं इंजिन खोलायचं, हा दोघा मित्रांचा शिरस्ता होता. खोलायचं सहदेवने, कारण बांधायचाही तोच. वसुधावहिनींचं जुनं लुगडं जमिनीवर अंथरायचं, एकेक भाग घासलेटात धुऊन त्यावर मांडायचा आणि काम चालू असताना पोटभर गप्पा मारायच्या. यंदा लुगडं होतं, घासलेट होतं. गप्पा तेवढ्या नव्हत्या.

शेवटच्या शर्यतीने घात केला होता. सरळ पाव मैल, शेजारी शेजारी दोन गाड्या. आपली गाडी चांगली पुढे असताना जयवंतने मध्येच ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि हातातला करंडक गेला. उतरल्यावर तो एवढंच म्हणाला, "आवाज बदलला रे."

तेच सहदेवच्या जिव्हारी लागलं. हा घाबरला, आणि बोट दाखवतोय माझ्या इंजिनाकडे. इंजिन धड निघालं, तर पुढच्या हंगामात तू गाडीत बसायचं नाहीस, असं तोंडावर सांगायचं त्याने ठरवून टाकलं होतं.

"चहा घ्या, भावजी," वहिनी दारातून म्हणाल्या. "आणि मौनव्रत कधी सुटणार तेही सांगा. हे घरातसुद्धा मीठ खुणेनंच मागतायत."

जयवंत बशीत बघून हसला. सहदेव हसला नाही.

पिस्टन निघाले, स्वच्छ. बेअरिंगंही ठीक. सहदेवला आतून बरं वाटत होतं. मग त्याने पिस्टनखालचे चार रॉड हातात घेतले. प्रत्येकावर त्याने टोकदार पंच ठोकून पाडलेले ठिपके होते. पहिल्यावर एक, दुसऱ्यावर दोन. मिलमध्ये कामाला असलेल्या बापाने शिकवलं होतं, भाग ज्याच्या त्याच्या जागी परत गेला पाहिजे. बाकीचे मिस्त्री ठिपके खाली, रॉडच्या जाड टोपीवर मारत. सहदेव मधोमध, रॉडच्या बारीक भागावर मारायचा, चटकन दिसावेत म्हणून.

रॉड घासलेटातून काढून पुसले, वर वहिनींनी शाळेतून आणलेला खडू चोळला. कुठे तडा असला तर आत मुरलेलं घासलेट पांढऱ्या खडूवर उमटतं. पहिला रॉड पांढराच राहिला. दुसऱ्यावर हळूहळू एक काळी रेघ उठली. दोन ठिपक्यांपासून निघून ती अर्ध्याहून अधिक रॉड ओलांडून गेली होती.

जयवंतची पाठ होती. अंगठा फिरवला असता तरी रेघ पुसली गेली असती.

"जयवंता," सहदेवने हाक मारली. "हे बघ. आणखी थोडा वेळ पाय दाबून ठेवला असतास, तर हा तुटून इंजिनाची कूस फोडून बाहेर आला असता. आणि सुरुवात कुठून झालीय तेही बघ. माझ्याच ठिपक्यांपासून."

जयवंतने जवळ येऊन रेघ पाहिली.

"खरं सांगू? आवाज बदलला होता की मीच घाबरलो, मला अजून कळलेलं नाही. रोज तेच डोक्यात घोळतंय."

"घाबरला असशील तर लय बरं झालं रे." सहदेव खरोखरच वाकला आणि त्याने जयवंतच्या उजव्या पावलाला हात लावला.

"अरे, आधी हात तरी धू. पायाला घासलेट फासलंस."

सहदेवने रॉड पुन्हा पुसला, नेहमीपेक्षा जपून. "एवढी जखम घेऊन शेवटपर्यंत तगला बिचारा," तो म्हणाला, आणि त्याने तो लुगड्याच्या काठावर वेगळा ठेवला. पंच मात्र त्याने हत्यारांच्या पेटीत तळाशी ढकलला.

जयवंतने वाकून तो परत काढला.

"नव्या रॉडना खुणा लागतील."

"मी नाही मारणार आता."

"तूच मारायच्या. फक्त खाली, टोपीवर. तुझी खूण नसलेल्या इंजिनामागं मी बसायचा नाही."

सहदेवने पंच घेतला, सदऱ्याला पुसून खिशात टाकला. मग कपाकडे बघितलं.

"वहिनी, चहा गार झाला. अजून थोडा मिळेल का?"