क्रमांक दोन

मित्रांनो, मी आता वापरातून जाणारा एक जुना प्रोग्राम आहे. एका इस्पितळात नऊ वर्षं मी रुग्णांची नोंदवही सांभाळली. कोणाला कोणतं औषध सोसत नाही हे मी सांगायचं, मग सिस्टरांनी सुई भरायची. 'माणूस विसरेल, हा विसरणार नाही,' असं सगळे म्हणत.

मला घडवणाऱ्या बाई कमी बोलत. हात मात्र चलाख. फाइल उघडली की संगणक मला एक क्रमांक देतो, सामान ठेवल्यावर बिल्ला मिळतो तसा. जो सर्वांत लहान मोकळा असेल, तो. शून्य, एक, दोन हे मी सुरू होतानाच माझ्या ठरलेल्या कामांना दिलेले असतात. काही अडलं की दोनवर मी माझ्या तक्रारी लिहितो. 'त्या वाचतंय कोण?' म्हणून बाईंनी दोन बंद केला. पुढे नोंदवहीची फाइल उघडली, तेव्हा तिला नेमका तोच मोकळा क्रमांक मिळाला.

एका दुपारी छपाईयंत्रातला कागद संपला. सवयीने मी दोनवर तक्रार लिहिली. ती नोंदवहीत एका म्हाताऱ्या शिंप्याच्या नोंदीवर जाऊन बसली. नोंद वाचता येईना, म्हणून मी पडद्यावर ती जागा कोरी दाखवली.

"यांना काही चालत नाही असं आहे का?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही दाखवत नाही," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी इंजेक्शन दिलं.

अकरा मिनिटांत शिंप्याचा श्वास थांबला. मला काही वाटलं नाही. मी वेळ नोंदवली.

"नोंद करताना मी स्वतः सांगितलं होतं हो, दोनदा, हे औषध त्यांना सोसत नाही म्हणून," शिंप्याची मुलगी म्हणाली. सिस्टर ट्रे धूत राहिल्या, तो स्वच्छ झाल्यावरही.

बाईंनी चार दिवस माझ्यातली चूक शोधली. सापडल्यावर त्या रडल्या नाहीत. शिंप्याच्या दारात उभं राहून म्हणाल्या, "चूक सिस्टरांची नाही. माझी आहे." मुलीने दार लावलं नाही, आत या असंही म्हटलं नाही.

मग बाईंनी माझ्यात काही ओळी घातल्या. नोंदवहीला तीनपेक्षा लहान क्रमांक मिळाला तर तो घ्यायचा नाही. तिथे रिकामी फाइल बसवून दुसरा मागायचा. नोंद वाचता आली नाही तर तसं स्पष्ट लिहायचं. तो पहारा पुढे दोनदा कामी आला. कोणाला कळलंही नाही.

उद्या मला काढतील. मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी माझ्यासारखं काही घडवाल, तेव्हा 'असं होणारच नाही' म्हणू नका. होईल असं धरून चाला. आणि पडद्यावर कोरी जागा दिसली, तर खाटेपाशी जाऊन माणसालाच विचारा.